ऑटो फिरला म्हणून कूलर गेले का?

बेटा,

तुझा मेसेज मिळाला, वहीच्या पानांचे फोटो पण पाहिले. मागच्या उन्हाळ्यात तुझ्या दारव्ह्याच्या कूलरच्या दुकानासाठी ऑटोचा भोंगा, एसटी स्टँडजवळचे दोन फ्लेक्स, पेपरात टाकलेली पत्रकं आणि फेसबुकचं बूस्ट (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवणं) मिळून चांगलाच पैसा गेला, कूलरही बरे गेले, आणि आता होळी झाल्यावर पुन्हा हे सगळं करायचं का म्हणून तू विचारून राहिली. तू लिहिलं की जाहिरात चालली, काऊन की ऑटो फिरवला त्या आठवड्यात कूलर दुप्पट गेले. इथंच थोडी थांब. त्या आठवड्यात पारा किती होता ते तू कुठंच लिहिलेलं नाही.

आपल्याकडे कूलर कोण विकते हे आधी समजून घे. ऊन विकते. एप्रिलच्या मधात ४२-४३ झालं, रात्री पंखा गरम हवा फेकायला लागला, लहान लेकरं झोपेनात, की बापाच्या मनात कूलर बसला म्हणून समज. मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ४५ च्या वर जातात, शेवटी नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे ते नऊ दिवस, लागते, तेव्हा तर दुकानाचं शटर अर्धं उघडं असलं तरी माणूस खाली वाकून आत येते. त्यात लग्नाच्या तिथी, आंदणात कूलर द्यायची रीत, आणि हरभरा विकून हातात आलेला पैसा. उलटंही तसंच आहे, एप्रिलमध्ये अवकाळी आला, चार दिवस आभाळ राहिलं, की कितीही भोंगे फिरव, कोणी विचारायलासुद्धा येत नाही. आता तू ऑटो नेमका कधी फिरवला? ऊन तापलं तेव्हा. सगळेच तेव्हा फिरवतात. मग विक्री वाढली ती उन्हानं की ऑटोनं, हे त्या एका आकड्यातून कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही आणि तुला फ्लेक्स विकणाऱ्यालाही नाही.

म्हणून "जाहिरात केल्यावर किती विकले" हा प्रश्नच सोडून दे. जाहिरात केली नसती तर किती विकले असते, हे विचार. या दोन आकड्यांत जो फरक पडते तेवढाच जाहिरातीचा, बाकी सगळा उन्हाचा.

आता "नसती तर" हे कसं पाहायचं? तुझ्या बाबाला विचार, नवीन औषध आणलं की हुशार कास्तकार कपाशीच्या दोन-चार ओळी फवारल्याशिवाय ठेवतो, मग आठ दिवसांनी दोन्हीकडची पानं उलटून पाहतो. सगळं वावर फवारलं आणि कीड कमी झाली तर औषधानं गेली का पावसानं धुतली हे माहीतच पडत नाही. तेच तू गावांसोबत कर.

तुझं गिऱ्हाईक मुख्य दोन रोडवरून येते, यवतमाळ रोड म्हणजे लाडखेड, बोरी अरब तिकडचं, आणि दिग्रस रोडवरचं. पहिल्या खेपेला ऑटो फक्त एका रोडवरच्या गावांत फिरव, दुसऱ्या रोडवर काहीच करू नको, ना भोंगा ना पत्रक. ऊन दोन्हीकडे सारखंच, लग्नाच्या तिथी सारख्याच, हरभऱ्याचा भाव सारखाच. आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला गाव विचारून वहीत लिही. गाव तर बिलावर असंही लिहायलाच पाहिजे, गॅरंटीसाठी कामी पडते.

समज, ऑटोच्या आधीच्या आठवड्यात दोन्ही रोडवरून सहा-सहा कूलर गेले. ऑटो फिरला त्या आठवड्यात ऑटोच्या रोडवरून तेरा गेले. तू खूश होशील, दुपटीच्या वर गेले म्हणून. पण बिनऑटोच्या रोडवरूनही अकरा गेले, काऊन की पारा चढला होता. म्हणजे ऑटोचे किती? दोन. सात नाही, दोन.

आता पैशाचं पाहू, इथं बरेच जण चुकतात, विक्रीची रक्कम जाहिरातीच्या खर्चासमोर मांडतात आणि म्हणतात तीन हजार लावले, तेरा हजाराचे कूलर गेले. असं नसते. कूलर ६,५०० ला विकला आणि पत्रा, फॅनची मोटर, पंप, ताट्या (बाजूच्या, पाणी झिरपते त्या जाळ्या), कलर, वेल्डिंगवाल्याची मजुरी सगळं धरून ५,४०० लागले तर तुझ्या हातात राहिले १,१००. दोन कूलरचे २,२००. ऑटोचं दोन दिवसांचं भाडं, रेकॉर्डिंग आणि भोंग्याच्या परवानगीची धावपळ मिळून ३,००० गेले असतील तर तू आठशे रुपये घालून दोन कूलर विकले. तीन जास्तीचे कूलर गेले तरच तो ऑटो कसाबसा स्वतःचं भाडं काढते. हा हिशोब ऑटोवाल्याला बोलवायच्या आधी करायचा, नंतर नाही.

पण एक सांगतो, एका आठवड्याच्या दोन कूलरवर विश्वास ठेवून ऑटो कायमचा बंदही करू नको. एवढ्या छोट्या आकड्यात एका घरचं लग्न निघालं तरी हिशोब पालटते, एकाच माणसानं दोन पोरींच्या आंदणासाठी दोन कूलर नेले की झालं तुझं गणित. म्हणून पंधरा दिवसांनी रोड बदल, आता दिग्रस रोडवर ऑटो आणि यवतमाळ रोड रिकामा. दोन्ही वेळा ऑटोचाच रोड बऱ्यापैकी पुढं राहिला तर समज खरंच काम करून राहिला. एकदा ऑटोचा, एकदा बिनऑटोचा रोड पुढं असं झालं तर ऑटोचा पैसा दुसरीकडं लाव. आणि रोजचं तापमान वहीत लिहीत जाजो, नागपूरच्या हवामान केंद्राचे आकडे रोज येतात, यवतमाळचा आकडा तारखेसमोर टाकायला किती वेळ लागते. दोन उन्हाळे असं लिहिलं तर ४१ ला किती जातात आणि ४४ ला किती, हे तुला कोणी न सांगता दिसेल आणि माल किती भरून ठेवायचा तेही त्यातूनच निघेल.

तुला वाटेल आपल्या टिनाच्या शेडमधल्या धंद्याला एवढं कशाला. पण हेच मोठ्यांनी केलं तेव्हा त्यांचेही डोळे उघडले. ईबे नावाची अमेरिकेतली ऑनलाइन खरेदी-विक्रीची कंपनी आहे, कोणी इंटरनेटवर ईबे हे नाव शोधलं की सगळ्यात वर त्यांचीच जाहिरात दिसावी म्हणून ते पैसे भरत होते. २०१२ मध्ये त्यांनी काही सर्च इंजिनवर ही जाहिरात बंद करून पाहिली, तर जवळपास सगळी माणसं तरीही आली, फक्त जाहिरातीच्या जागी खालच्या फुकटच्या लिंकवर बोट ठेवून आली. म्हणजे जो येणारच होता त्याला आणायचे पैसे देऊन राहिले होते. मग ईबे हे नाव नसलेल्या शोधांवरची जाहिरात देशाच्या काही भागांत बंद आणि बाकी भागांत चालू ठेवूनही पाहिलं, म्हणजे आपलं दोन रोडचंच गणित. तिथं नवीन गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा थोडा परिणाम दिसला, जुन्या नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जवळपास काहीच नाही. हे लक्षात ठेवजो, कारण तुझ्या दुकानापासून चार पावलांवर लावलेला फ्लेक्स असाच आहे. तिथून जाणाऱ्याला तुझं दुकान तसंही दिसते.

आता गिऱ्हाइकाला विचारायचं कसं, ते. "जाहिरात पाहून आले का?" असं बिलकुल विचारू नको. आपला माणूस भला आहे, समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणून टाकते. "आमचं दुकान कसं माहीत पडलं?" एवढंच विचार आणि गप्प राह्य. पहिलं उत्तर येते "असंच आलो". थोडं थांब, पाणी दे, मग निघते, "आमच्या साळ्यानं नेला होता ना तुमच्याकडून, त्यानं सांगितलं." जे बोलले ते तसंच्या तसं लिही, तुझ्या मनानं ऑटो, फ्लेक्स असे रकाने पाडू नको, निदान पहिला महिनाभर तरी. आणि सांगितलेल्यावर पूर्ण भरवसाही ठेवू नको, माणसाला शेवटचं पाहिलेलं आठवते. साळ्याच्या घरी कूलर पाहिला, भोंगा ऐकला, मग फ्लेक्स पाहून आत आला, तर तो फ्लेक्सच म्हणेल.

म्हणून विचारण्यासोबत खुणाही ठेव. अमेरिकेत टपालानं माल विकणारे शंभर वर्षांपूर्वी हेच करत होते, प्रत्येक पेपरातल्या कूपनवर वेगळा नंबर छापायचा, परत आलेल्या कूपनवरून कोणता पेपर काम करते ते कळायचं. तुझा मोबाईल दोन सिमचा आहे, मग पत्रकावर एक नंबर आणि भोंग्यावर दुसरा. पत्रकाखाली एक ओळ टाक, हे पत्रक आणा आणि ताट्या बसवायची मजुरी माफ, आणि बाजारात वाटायच्या गठ्ठ्यावर आणि पेपरात टाकायच्या गठ्ठ्यावर कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा ठिपका मारून ठेव. परत आलेली पत्रकं फेकू नको, डब्यात टाक, महिन्यानं मोज. मात्र पत्रक हातात घेऊन येणाराही उन्हामुळं येणारच होता का, हा प्रश्न तिथंही राहतेच, त्याला उत्तर रोडवालीच परीक्षा देते.

फेसबुकच्या त्या स्क्रीनशॉटवर तू फार खूश दिसली. त्यातला रीच म्हणजे किती माणसांना दिसलं, इम्प्रेशन म्हणजे किती वेळा दिसलं, एकाच पोट्ट्याला पाच वेळा दिसलं तर रीच एक आणि इम्प्रेशन पाच. यातून कूलर गेला का हे कळत नाही. बूस्ट करताना सगळा महाराष्ट्र निवडू नको, नकाशावर दारव्हा धरून जेवढ्या अंतरावर तू कूलर पोचवून देऊ शकते तेवढाच घेर ठेव. पण पुण्या-मुंबईतून आलेले लाइक वायाच गेले असंही म्हणू नको बरं. गावातून तिकडं कामाला गेलेला पोरगा आई-बापासाठी फोनपेवर पैसे टाकते आणि बाबाला म्हणते जा, तिथून कूलर आण. बाबा दुकानात येते आणि म्हणते "असंच आलो". म्हणून म्हातारं माणूस एकटं आलं की विचार, पैसे कोण पाठवून राहिलं. दहा-पंधरा असे निघाले तर तो घेर सोडून पुण्यासाठी वेगळं छोटं बूस्ट लावून पाहता येईल.

सगळ्यात स्वच्छ परीक्षा मात्र तुझ्याच वहीत पडून आहे आणि तिला पैसाच लागत नाही. मागच्या तीन वर्षांची गिऱ्हाइकं. ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात, त्यातलं वुडवूल म्हणजे लाकडाचे बारीक तंतू सडतात, पंपात कचरा बसते. या सगळ्यांची एक यादी कर आणि एक सोडून एक नावाला मेसेज टाक, "ताट्या बदलायच्या असतील तर उन्हं तापायच्या आधी या, घाई नाही राहणार." बाकी अर्ध्यांना काहीच पाठवू नको. महिन्यानं मोज, मेसेजवाल्यांतून किती आले आणि बिनमेसेजवाल्यांतून किती. कोणाला पाठवायचा हे तू स्वतः निवडू नको, तू चांगली-चांगली गिऱ्हाइकंच निवडशील आणि मग फरक तुझ्या निवडीचा दिसेल, मेसेजचा नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत २५६ च जण बसतात, आणि ज्यानं तुझा नंबर सेव्ह केला त्यालाच तो मेसेज पोचते, ज्यांनी केला नसेल त्यांना एकेकट्याला पाठव. नाही तर परीक्षाच बिघडली.

मार्च-एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, रामनवमी, हनुमान जयंती, सगळ्या मंडळांची पोरं येतील, बॅनरवर दुकानाचं नाव टाकतो म्हणतील. दे, आनंदानं दे, गावात राहायचं आहे. पण ते वर्गणीच्या पानावर लिही, जाहिरातीच्या पानावर नको. ते पैसे कूलरमधून वसूल झाले का हे पाहायचंच नाही, आणि दोन्ही खाती एकत्र झाली की जाहिरातीचा खर्च उगाच फुगलेला दिसते.

भिंतीवर रंगवलेली जाहिरात महिन्यात मोजू नको. ती तीन-तीन उन्हाळे राहते, माणूस आज पाहते आणि पुढच्या वर्षी घेते, म्हणून तिचा खर्च तीन वर्षांत वाट. पण तीही एकाच रोडवर रंगव.

आणि एक काम ह्याच आठवड्यात कर. तुझ्या कूलरच्या पत्र्यावर नाव मागच्या बाजूला आहे, फोटोत पाहिलं मी. मागची बाजू खिडकीच्या बाहेर असते, ती शेजारच्या घराची भिंत पाहते. नाव आणि मोबाईल नंबर स्टेन्सिलनं समोर, जाळीच्या वर मार, आणि तो तिसरा नंबर असू दे, कुठंच न दिलेला, साधा बटनवाला फोन लागला तरी चालते. लग्नात आंदणाच्या सामानात तो कूलर मांडवात दिवसभर उभा असते, नंतर सासरच्या गावी दारात उभा राहते, पाव्हणे त्याच्यासमोरच झोपतात. त्या नंबरवर जेवढे फोन येतील ते सगळे तुझ्या मालानं आणलेले. माझा अंदाज असा आहे की हाच फोन सगळ्यात जास्त वाजेल आणि तसं झालं तर ऑटोचे पैसे काढून जाड पत्र्यात आणि बऱ्या पंपात लाव, पण अंदाज माझा आहे, वही तुझी आहे, वहीत वेगळं निघालं तर वहीचं ऐकजो.

बाजाराच्या दिवसापर्यंत दोन्ही रोडवरच्या गावांच्या याद्या करून पाठव, शक्यतो सारख्या वस्तीची गावं दोन्हीकडं येतील असं पाहजो. तोपर्यंत ऑटोवाल्याला ॲडव्हान्स देऊ नको. पंपाचं तू विचारलं होतं, त्याचं मी नागपूरला चौकशी करून उद्या फोनवर सांगतो.