पोळी सोडली, भाकरी धरली, तरी काटा हलेना

प्रश्न : दोन महिने रात्री दोन पोळ्यांऐवजी दोन ज्वारीच्या भाकऱ्या खाते आहे. वजन तसूभरही उतरलं नाही. असं का?

उत्तर : थापण्याआधी भाकरीच्या पिठाचं एकदा वजन करा. मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, भाकरीला मात्र ६० ते ७० ग्रॅम पीठ सहज जातं. दोन्ही पिठांत १०० ग्रॅममागे कॅलरी जवळपास सारख्याच, सुमारे ३४०. म्हणजे तुमचा धान्याचा भाग दुप्पट झाला! ज्वारीत तंतू भरपूर असतात हे खरं, पण ते कॅलरी पुसत नाहीत.

शिवाय भाकरीसोबत काय येतं? दोन मोठे चमचे शेंगदाण्याची चटणी आणि वर चमचाभर कच्चं तेल, की झाल्या आणखी दीडशे कॅलरी.

रात्री एकच भाकरी घ्या. सोबत वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ, दोन वाट्या पालेभाजी आणि काकडी. चटणी चहाच्या चमच्याने, एकच. चौघांच्या भाजीला चार चहाचे चमचे तेल पुरतं. बाटलीतून थेट ओतू नका, अंदाज हमखास चुकतो. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.