ब्रुअरीत शिरताना नाक उघडं ठेवा

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या ऑफिसातल्या मंडळींनी एका छोट्या क्राफ्ट ब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवण्याच्या जागेची, सहल ठरवली आहे. सोबत मार्गदर्शक असेल. मी पीत नाही. तरी जाऊ का, की तासभर दुसऱ्यांच्या हातातले ग्लास बघत उभं राहावं लागेल?

उत्तर : खुशाल जा. माझी सगळी नोकरी ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत झाली, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी थेंबही घेत नसत. त्यांचं नाक मात्र आमच्यात सगळ्यात तिखट.

आधी माल्टचे चार दाणे मागून चावून बघा. बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि भट्टीत वाळवून ते मोड तिथेच थांबवतात. फिकट दाणा गोडसर लागतो, खूप भाजलेला कॉफीकडे झुकतो. काळ्या बिअरचा रंग इथून येतो. काळी म्हणजे कडक, हा समज तुमच्या गटात कुणीतरी बोलून दाखवेलच. रंगावरून अल्कोहोल कळत नाही, हे तुम्ही सांगून टाका. मग हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं. छोट्या ठिकाणी ते बहुतेक वेळा दाबलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात असतात. एखादी गोळी तळहातावर चुरडून हुंगा. चाखू नका, जिभेवरचा कडूपणा लवकर जात नाही.

आणि वर्ट मिळाला तर सोडू नका. दळलेला माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर राहतो, तेवढ्यात दाण्यातलीच एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. ते पाणी गाळलं की वर्ट. गोड, कोमट, आणि अजून यीस्ट न पडल्यामुळे अल्कोहोल नसलेला. फक्त बुकिंग करतानाच विचारून घ्या, त्या दिवशी ब्रू, म्हणजे बिअरचा नवा घाणा, लागणार आहे का आणि किती वाजता. ब्रू नसेल तर बंद टाक्यांसमोर उभं राहून भाषण ऐकावं लागतं.

प्रश्न : ब्रुअरी खरोखर चांगली आहे की नुसती सजवलेली, हे मार्गदर्शकाला काय विचारलं म्हणजे कळेल?

उत्तर : "टाक्या धुता कशा?" एवढंच विचारा. ज्याने स्वतः काम केलंय तो खुलतो. कॉस्टिक सोडा किती गरम, नंतर अ‍ॅसिड कधी, जंतू मारणारं पेरअसेटिक अ‍ॅसिड कुठे, होसपाइपची टोकं कुठे टांगता, सगळं सांगत बसतो. ब्रुअरीतला मोठा वेळ धुण्यातच जातो, त्यामुळे ज्याला हे सांगता येत नाही त्याने बहुधा फक्त पाठांतर केलेलं असतं. तुम्हीही खाली बघा. फरशी ओली असणारच, पण गटाराच्या जाळीला आंबट वास येत असेल तर मी तिथला ग्लास उचलणार नाही.

दुसरा प्रश्न यीस्टचा : कुठून आणता, आणि एकदा वापरलेलं किती वेळा पुन्हा घालता? यीस्ट तळाशी बसतं, ते काढून पुढच्या घाण्याला घालतात. यात लपवण्यासारखं काही नाही, पण वहीत नोंद हवी. इथे माझा जीव जरा जास्तच अडकतो, सांभाळून घ्या. १८८३ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हानसेन यांनी बिअरचं यीस्ट शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. त्याआधी नको ते जंगली यीस्ट शिरून घाणेच्या घाणे वाया जात, आणि कारण हाती लागत नसे. शाळेत लिटमस बुडवताना शिकलेलं पीएचचं मापही त्याच प्रयोगशाळेतलं, सॉरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडलेलं.

"आमचं पाणी एकदम शुद्ध" असं ऐकवून कुणी पुढे निघाला तर त्याला थांबवा. पाण्यात काय आहे, हे विचारा. इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंटच्या पाण्यात जिप्समचे क्षार भरपूर, म्हणून तिथली पेल एल ही कडवट बिअर नावाजली. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्सनचं पाणी अगदी मृदू, आणि १८४२ मध्ये योझेफ ग्रोल यांनी सोनेरी लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) केली ती तिथे. आज हवे ते क्षार मोजून घालता येतात. कुठले घालता, एवढं मार्गदर्शकाला माहीत असावं.

एक ताकीद. आंबवणाऱ्या टाकीच्या झडपेत डोकं घालून वाकू नका, फोटोसाठी तर नाहीच. आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. तो हवेपेक्षा जड असतो, दिसत नाही, आणि माणूस चक्कर येऊन पडतो तेव्हा सावध व्हायला वेळ मिळत नाही.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. बिअरमध्ये मासा असतो असं कुणीतरी म्हणालं. थट्टा असावी ना?

उत्तर : थट्टा नाही. इसिंग्लास नावाचा पदार्थ माशांच्या हवेच्या पिशवीपासून करतात. ब्रिटिश पद्धतीच्या कास्क एलमध्ये, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या बिअरमध्ये, तो गढूळपणा तळाशी बसवायला वापरत आले आहेत. सगळे वापरत नाहीत. कितीतरी छोट्या ब्रुअऱ्या बिअर गढूळच देतात किंवा थंडीत नुसती निवळू देतात. "फायनिंगला, म्हणजे बिअर निवळायला, काय वापरता?" असं विचारा. सरळ उत्तर मिळेल.

प्रश्न : शेवटी पाच-सहा छोटे ग्लास एकदम समोर ठेवतात म्हणे. ते प्यायचे कसे?

उत्तर : फिकटापासून गडदाकडे, आणि कडवट किंवा आंबट असेल ती सगळ्यात शेवटी. प्रत्येक ग्लास आधी हुंगा. लोण्यासारखा वास आला तर तो डायअसेटिल नावाच्या रसायनाचा. यीस्ट ते तयार करतं आणि वेळ दिला तर पुन्हा खाऊनही टाकतं, म्हणजे बिअर बहुधा घाईने बाहेर काढलेली. काही जुन्या शैलींत तो थोडा चालतो, फिकट लागरमध्ये मला अजिबात खपत नाही. ग्लास संपवायचं बंधन नाही, उरलेलं ओतायला भांडं मागा. अत्तर लावून जाऊ नका, शेजारच्याचंही नाक बिघडतं. बंद बूट घाला. आणि गाडी कोण चालवणार ते निघण्याआधी ठरवा. तो माणूस तुमच्यासारखा न पिणारा असेल तर त्याला वर्ट दोन चमचे जास्त मिळावा, असं माझं मत.