मालिकांमध्ये दोन-चार एपिसोड दिसून गायब होणाऱ्या कलाकारांचं पुढे काय होतं?

गायब बियब कुणी होत नाही हो. त्यातले निम्मे संध्याकाळी कर्वे रोडला भाजी घेताना सापडतील, तुम्ही ओळखत नाही एवढंच. मी त्यातलाच एक. वकील करून झालाय, हेडमास्तर करून झालाय, मुलीकडचे काका तर किती वेळा, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर येऊन मान हलवणारा डॉक्टर पण केलाय.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की धाकटा भाऊ हिंजवडीची नोकरी सोडून ॲक्टिंगसाठी मुंबईला निघालाय आणि 'असे चेहरे बघितले की भीती वाटते, यांची घरं कशी चालत असतील, आयुष्य फुकट गेल्याची खंत नसेल का वाटत'. असे चेहरे म्हणजे काय ते मी समजून घेतो. चला, असू दे.

घर चालतं नोकरीवर. नाहीतर बायकोच्या पगारावर. नाहीतर दोन्ही नसेल तर डबिंग, शाळांची गॅदरिंग बसवून देणं, सूत्रसंचालन, कंपन्यांच्या ट्रेनिंग फिल्म, असं जोडून जोडून. मी भोसरीला एका कंपनीत अकाउंट्सला होतो, रिटायर होईपर्यंत. रजा शिल्लक ठेवायच्या आणि शूटिंगला वापरायच्या, गणपतीत सुद्धा रजा घेतली नाही कधी. पुण्यात हे नवीन नाहीये. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर, मोहन आगाशे मानसोपचारवाले, जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर, आणि ही सगळी मंडळी दिवसभर आपापलं काम करून तालमीला यायची. लागूंनी प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं ते 1969 साली, चाळिशी उलटल्यावर. अशोक सराफ पण स्टेट बँकेत होते की. आता म्हणाल ही तर मोठी नावं झाली. बरोबर. पण 1972 साली भरत नाट्य मंदिरात घाशीराम कोतवाल उभं राहिलं त्यात तो माणसांचा पडदा होता ना, ओळीने पाठमोरे उभे राहणारे, झुलणारे ब्राह्मण, त्यातली चार नावं सांगा बघू. मलाही सगळी येणार नाहीत. पण तो पडदा काढला तर नाटकच राहत नाही.

आता खंतीचं. त्यासाठी फोटोची गोष्ट सांगावी लागेल.

एका मालिकेत मला हिरॉईनचे बाबा म्हणून घेतलं. नाव सांगत नाही, त्या लोकांकडे अजून काम करायचंय. रोल चांगला होता म्हणे, फ्लॅशबॅकमध्ये बराच येणार होता. लूक टेस्टला बोलावलं, 'सर कपडे दोन-तीन ऑप्शन आपलेच घेऊन या' (छोट्या रोलच्या माणसाने कपडे आपलेच न्यायचे असतात, हे भावाला सांगून ठेवा, एक झब्बा, एक कोट आणि एक बरा शर्ट कायम इस्त्री केलेला पाहिजे). फोटो काढले. मग समजलं की स्टोरीत बाबा आधीच वारलेत. फ्लॅशबॅक पुढे ढकलला, मग चॅनलने ट्रॅक बदलला, मग लीप आला (म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे गेली), आणि माझा तो हसरा फोटो चंदनाचा हार घालून त्यांच्या हॉलच्या भिंतीवर जो लागला तो मालिका संपेपर्यंत हलला नाही. रोज रात्री साडेआठला महाराष्ट्र मला मेलेला बघत होता. हिरॉईनला काहीही झालं की ती माझ्यासमोर येऊन रडायची, सासू कारस्थान करायची ते पण माझ्यासमोरच, माझ्या अंगावर त्या म्युझिकसकट तीन-तीनदा झूम व्हायचा. आणि पैसे? लूक टेस्टच्या दिवसाचे तेवढे. मी विचारलं प्रॉडक्शनला, तर तो पोरगा अगदी प्रेमाने म्हणाला, 'सर, फोटोला पर डे नसतो.'

सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांचं बीपी वाढलं. जिवंत जावयाला हार घालतात का कुणी. त्यांनी आधी बायकोला फोन केला, मग मुलाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, की दाजींना सांग हे बंद करायला. खरं म्हणजे मेहुण्याला एवढंच निमित्त पाहिजे होतं. त्याच्या रावेतच्या फ्लॅटची वास्तुशांत होती तेव्हा त्याने त्याच्या ऑफिसच्या लोकांशी माझी ओळख करून दिली, 'हे आमचे दाजी, रोज टीव्हीवर असतात, भिंतीला.' लोक हसले. मी पण हसलो, काय करणार, हातात जिलेबीची प्लेट. मग जेवताना परत तेच, की एवढी वर्षं झाली दाजी, आता मान्य करा की झालं नाही, तुम्ही काही निळू फुले झाला नाहीत, छंद म्हणून ठीक आहे पण ताईने किती सहन करायचं वगैरे. ताई, म्हणजे माझी बायको, शेजारीच बसली होती आणि तिने एक अक्षर काढलं नाही, मला वाटतं मठ्ठा प्यायच्या निमित्ताने.

मेहुणा पिंपरीला एका कंपनीत परचेस मॅनेजर म्हणून रिटायर झाला. आयुष्यभर इमाने इतबारे बेअरिंग आणि केबल विकत घेतल्या. त्याला कुणी विचारतं का की तू एमडी झाला नाहीस, आयुष्य फुकट गेल्याची खंत नाही वाटत? त्याच्या कंपनीच्या गेटबाहेर किती लोकांना त्याचं नाव माहीत होतं? नाही ना कुणी विचारत. बँकेतल्या कॅशियरला, पीएमटीच्या कंडक्टरला, शाळेतल्या सरांना कुणी विचारत नाही. फक्त नटालाच टोकाला पोचला नाहीस म्हणून फेल म्हणतात. जगदीश राज म्हणून एक नट होते हिंदीत, त्यांनी 144 सिनेमांत पोलीस इन्स्पेक्टर केला, गिनीज बुकात नोंद आहे. नाव सांगितलं तर लोक कोण म्हणतात, फोटो दाखवला की 'अरे हे तर इन्स्पेक्टर!' एवढी सर्व्हिस खऱ्या पोलिसाची असती तर त्याचा निरोप समारंभ केला असता हो.

तर त्या फोटोचं पुढे. बऱ्याच महिन्यांनी अचानक कॉल आला, उद्या फ्लॅशबॅक लागलाय, सकाळी नवाचा कॉल टाइम. पहाटेची शिवनेरी, दादरहून लोकलने मालाड, तिथून रिक्षाने मढचा तो बंगला. नवाला पोचलो, मेकअप करून बसवलं आणि सीन लागला रात्री आठनंतर. बसवलं म्हणजे उभंच होतो, छोट्या माणसाला खुर्ची नसते सेटवर, जिन्यावर वगैरे टेकायचं. तिथे एक सेटिंगचा, म्हणजे सेटवरचं सामान लावणारा मुलगा, बीडकडचा असावा बोलण्यावरून, माझ्याकडे सारखा बघतोय, मग जवळ आला, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'आवो बाबा, तुमीच का हे? रोज सकाळी फडकं मारतो की मी तुमच्यावर, हार बी मीच बदलला दोनदा.' आणि कुठून तरी लाल प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, फॅनच्या समोर. पुढे दिवसभर चहा आला की आधी मला. कॅमेऱ्याखाली बसायला आलेली असिस्टंट म्हणाली खुर्ची लागणारे, तर हा म्हणाला 'ती बाबांची आहे.' आता तुम्ही मला सांगा, खंत कुठे ठेवू? सीन एका टेकला ओके झाला. मला एकच वाक्य होतं, 'घाबरू नकोस बाळा, मी आहे ना', ते म्हणताना समोर भिंतीवर मी हारासकट, त्यांचा तो फोटो भिंतीवरून उतरवायचा राहिला होता, मग कंटिन्युइटीवाल्याची (सीनमधल्या वस्तू गोष्टीशी जुळतात का बघणाऱ्याची) बोंब झाली आणि सगळं परत घेतलं.

त्या दिवसाचे अडीच हजार ठरले होते. त्यातले वीस टक्के काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचे, टीडीएस, शिवनेरी जाऊन-येऊन, रिक्षा. उरले ते मेहुण्याला सांगितलेच नाहीत. आणि तेही लगेच नाही बरं का, टीव्हीत नव्वद दिवसांनी चेक निघतो, ही धंद्याची पद्धतच आहे, हिरोला पण तसंच. पण हिरोचे नव्वद म्हणजे नव्वद आणि आपले नव्वद म्हणजे फोन करत राहायचं, 'सर मंडेला बघतो.' तुम्ही घर कसं चालतं विचारलंत ना, सगळा त्रास इथे आहे. मोठा रोल मिळाला नाही याचं वाईट दोन दिवस वाटतं. वाण्याला सांगावं लागतं की पुढच्या महिन्यात देतो, ते जास्त दिवस लक्षात राहतं.

हे पण आजचं नाही. लॉ कॉलेज रोडला आता एफटीआयआय, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे आधी प्रभात फिल्म कंपनी होती, कोल्हापूरहून 1933 साली पुण्यात आलेली. 1939 साली तिथल्याच गेटवर शांता आपटे उपोषणाला बसल्या, कंपनीशी पैशाच्या आणि कराराच्या वादातून. प्रभातची स्टार बाई, जिची गाणी घराघरात, ती गेटवर! पुढच्या वर्षी त्यांनी पुस्तकच काढलं, नाव 'जाऊ मी सिनेमात?' भावाला कुठे मिळालं तर वाचायला द्या, माझ्यापेक्षा नीट सांगतील त्या.

त्याच गेटच्या आत मी एका मुलाच्या डिप्लोमा फिल्ममध्ये काम केलं होतं, म्हाताऱ्या पोस्टमास्तरचं. त्या दिवशी लंच ब्रेकमध्ये झाडाखाली बसून 1936 चा संत तुकाराम इथेच झाला हे आठवत होतो. तुकाराम झालेल्या पागनीसांना सगळे ओळखतात. पण त्यातली जिजाई केलेली गौरी? एक्स्ट्रा म्हणून सुरुवात केलेली बाई, आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि पांडुरंगावर चप्पल उगारते, तो सीन बघा एकदा आणि मग मला सांगा त्या सिनेमात मोठं कोण. तुकारामांवर जळणारा सालोमालो करणारे भागवत पण तसेच, चेहऱ्यावर तो हलकटपणा काय सुंदर आहे. तो सिनेमा 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गेला. गौरीचं नाव आज कुणी घेत नाही. पण सिनेमा लागला की ती असतेच आणि सगळ्यांना खाऊन टाकते.

आणि उलट बाजूने, मोठं होऊन तरी काय हो. भगवानदादा बघा, 1951 चा अलबेला, जुहूचा बंगला, गाड्या, सगळं विकून शेवटी दादरच्या चाळीत, आणि दुसऱ्यांच्या पिक्चरमध्ये आपलीच स्टेप करायला दोन मिनिटं यायचे. आणि काहींना पुढे जायचंच नसतं. 'कोर्ट' सिनेमात लोकशाहीर झालेले वीरा साथीदार, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला सिनेमा, भारताकडून ऑस्करला पाठवलेला, म्हणजे दारं उघडीच होती. पण ते मुळात नागपूरचे चळवळीतले माणूस आणि 2021 ला कोविडमध्ये गेले तोवर तेच राहिले. त्यांना 'पुढे काय झालं' विचारणं म्हणजे कमालच.

आता जरा तुमच्या बाजूचं पण बोलतो, नाहीतर म्हणाल काका वाहवत गेले. मी हे सगळं पुण्यात स्वतःचा टू बीएचके, पीएफ आणि बायकोची शाळेतली नोकरी यांच्या जिवावर बोलतोय. मालाडला चौघांत एक खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्याचं गणित वेगळं आहे, त्याला माझा उपदेश कामाचा नाही. बायकांचं तर अजून वेगळं, पस्तिशीतच आईचे रोल सुरू होतात, आणि तो आईचा रोल पण हिरोपेक्षा चार वर्षांनी मोठ्या बाईला. आणि पेन्शन नावाची गोष्ट नाही. सरकारचं ज्येष्ठ कलाकारांना मानधन आहे, हल्ली महिना 5000 केलंय, पण त्यावर पुण्यात औषधं भागली तरी खूप.

भावाला एवढंच विचारा की सहा महिने एक रुपया न येता निघतील का. निघत असतील तर जाऊ दे. नसतील तर नोकरी सोडू नको म्हणावं, आता ऑडिशन घरून मोबाईलवर पाठवता येते, आधी नाव-उंची, मग दोन्ही बाजूचा चेहरा, मग हात, मग सीन, त्याला मुंबईत खोली लागत नाही. पोर्टफोलिओ, कार्ड, 'रोल पक्का करून देतो' म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर तो चोर आहे, एकदाही विचार न करता फोन ठेवायचा. पुण्यात राहून प्रायोगिक नाटकं कर, सुदर्शन रंगमंचला, भरतला, एफटीआयआयच्या पोरांच्या फिल्म कर, पैसे कमी मिळतात पण कॅमेऱ्यासमोर मार्क (कुठे थांबायचं ती जमिनीवरची खूण) न बघता मार्कवर थांबायला मी तिथेच शिकलो. आणि तो गेलाच मुंबईला तर घरच्या कार्यात ओळख करून देताना 'सध्या काही करत नाही' असं म्हणू नका. ॲक्टर आहे म्हणा आणि गप्प बसा, पुढचं 'कशात बघितलंय बरं तुला' ते लोक विचारतातच, ते त्याचं तो बघेल.

मेहुण्याला लिंक पाठवून उपयोग नाही, तो मोठं काही वाचत नाही. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला पाठवतोय. त्या बघायच्या माझी मालिका, रोज.