बाराव्या वर्षीच ही लस कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. बालरोगतज्ज्ञांनी तिला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूविरुद्धची लस देण्यास सुचवले आहे. लग्नाला इतका अवकाश असताना घाई कशाला, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. शिवाय या लशीमुळे पुढे मूल होण्यात अडचण येते, असेही त्यांच्या कानावर आले आहे. मी एकेचाळीस वर्षांची आहे. मीही लस घ्यावी का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : लग्नाला अवकाश आहे, म्हणूनच ही लस आता द्यायची. हा विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो आणि आधीच झालेला संसर्ग लशीने बरा होत नाही, त्यामुळे संसर्गाची शक्यता निर्माण होण्यापूर्वीच ती घेतलेली बरी. नऊ ते चौदा या वयात शरीराचा प्रतिसादही अधिक चांगला असतो. म्हणून आपल्याकडील बालरोगतज्ज्ञ या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा देतात, तर पंधराव्या वर्षानंतर तीन द्याव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्यायही मान्य केला. त्यामागील पुराव्यात भारतीय मुलींवरील दीर्घ अभ्यासाचा मोठा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

वंध्यत्वाच्या भीतीला आधार नाही. लशीत जिवंत विषाणू नसतोच. त्याच्या कवचातील एका प्रथिनाचे पोकळ कण तेवढे असतात. दंड दुखतो, कधी ताप येतो, क्वचित भोवळ येते; म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात.

आता तुमच्याविषयी. तुमच्या वयात लशीचा लाभ बराच कमी होतो, त्यामुळे तुम्ही आधी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतात २०२२ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सव्वा लाखाहून अधिक नव्या रुग्णांचा अंदाज होता. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात, आणि तेवढ्या काळात तो रोखता येतो. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या स्त्रियांच्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. या चाचणीसाठी खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रापर्यंत जायलाच हवे असे नाही. जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही नमुना देता येतो. या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या विषाणूच्या १६ आणि १८ या क्रमांकांच्या प्रकारांमुळे होतात व लस प्रामुख्याने त्यांनाच अडवते. त्यामुळे तिशीनंतर मुलीलाही तपासणी करावीच लागेल. सासूबाईंना पाळी गेल्यानंतर कधी रक्तस्राव झाला असेल, तर त्यांनाही विनाविलंब दाखवून घ्यावे.