मॉस उकळूनही कांड्या सडायल्यात? आधी पाणी बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की पहिल्या खेपेला मॉन्स्टेराच्या (मोठ्या फाटक्या पानांचं ते शोभेचं झाड) कांड्यांना स्फॅग्नम मॉसमध्ये, म्हणजे मुळ्या फुटायला कांड्या लावतात त्या वाळलेल्या शेवाळात, झकास मुळ्या आल्या, मग तेच मॉस वीस मिनिटं उकळून पिळून परत वापरलं आणि आता मुळ्यांची टोकं काळी, पानांच्या कडा करपलेल्या आणि मॉसवर पांढरं काहीतरी. वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, माझे दोन उन्हाळे ह्याच्यातच गेलेत.

ते पांढरं बुरशी नसावी. (फोटोवरून सांगायलोय, हातात घेऊन बघितलेलं नाही.) बुरशी कापसासारखी मऊ असते, हे खरखरीत लागत असेल तर दोन थेंब लिंबू पिळून बघा, बारीक बुडबुडे आले की समजा क्षार आहे. आणि तो तुम्ही उकळून उकळून घातलाय, जसा मी घातला.

आम्ही लातूरचे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाचे हाल आठवतात, त्यामुळं नळाच्या पाण्याचा भरवसा कधी धरलाच नाही, सगळं बोअरवर. मॉस पण बोअरच्याच पाण्यात उकळायचो, जास्त निर्जंतुक व्हावं म्हणून पाणी निम्मं होईस्तोवर. कांड्या मेल्या की अजून जास्त वेळ उकळायचो. नर्सरीवाला म्हणला बुरशी आहे, तीन वेळा बुरशीनाशक दिलं. एका ठिकाणी पाणी तपासायला दिलं तर दोन हेलपाटे घालून कागद मिळाला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) १४०० च्या वर, आणि खिडकीवरचा माणूस म्हणला २००० पर्यंत चालतंय की, पिण्याजोगं आहे. अहो पण मी पिण्याचं विचारलंच नव्हतं, कलमांसाठी चालेल का विचारलं होतं! त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही, आणि चालतंय म्हणला म्हणून मी अजून एक उन्हाळा तेच पाणी वापरलं. त्या कागदाचा राग अजून आहे मला.

शेवटी कळलं ते घरात. आई इडलीपात्र चिंचेनं घासत होती, बुडाला जाड पांढरा थर, आणि वरची ताटं मात्र स्वच्छ. जड पाणी उकळलं की त्यातला चुना खाली बसतो, आणि पाण्यात मॉस असलं की तो मॉसच्या धाग्यांवर बसतो. पाणी आटतं तसे उरलेले क्षार दाट होतात. वर आपल्याकडं एप्रिल-मेचं बेचाळीस डिग्री ऊन, मॉसमधलं पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. स्फॅग्नम मॉस मुळात आंबट असतं, म्हणून त्यात सडणं-कुजणं कमी, तो गुण पण चुन्यानं मारला जातो. म्हणजे जंतू मारायच्या नादात मॉसचाच जीव घेतला आपण.

तर उकळू नका, वाफवा. जुन्या मुळ्यांचे तुकडे निवडून काढा (हे सोडू नका, कुजायला तिथूनच सुरू होतं), पावसाच्या नाहीतर आरओच्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन पिळा आणि इडलीपात्रात अर्धा तास. वाफेत क्षार नसतात, ते खालीच राहतात. मॉसच्या मधोमध ८२ डिग्रीच्या आसपास अर्धा तास मिळाला की बहुतेक रोगाची बुरशी आणि चिलटांच्या अळ्या जातात. पात्र वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं नको. गार होईस्तोवर झाकण काढू नका, नाहीतर हवेतलं परत बसतं. मायक्रोवेव्हमध्ये करणारे पण आहेत, पण मॉस चांगलं ओलं पाहिजे, कोरडं पेट घेऊ शकतं. मला ती पद्धत पटत नाही. ब्लीच तर अजिबात नको, परत क्षारच.

आरओचं म्हणजे गाळलेलं पाणी हं, नळीतून बाहेर जातं ते नाही, त्यात क्षार अजून दाट असतात. एसीचं पाणी चालतं, मी उन्हाळाभर तेच वापरतो, निस्तं बादली स्वच्छ ठेवा. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पहिली सर सोडून भरून ठेवा.

आणि ज्या मॉसमध्ये कांडी बुळबुळीत होऊन सडली, वास आला, ते वाफवत बसू नका, खतात टाका. मॉस महाग आहे, न्यूझीलंड नाहीतर चिलीवरून येतं, जीव तुटतो हे मला कळतं. पण एका मुठीसाठी मी अंजिराच्या अकरा कांड्या घालवल्यात. मी दोनदा वापरतो, फार तर तीनदा. धागे तुटून चिखल व्हायला लागला की मुळ्यांना हवा मिळत नाही, मग काहीही करा. नुसती हिरवी शेवाळ आली तर घाबरू नका, उजेड कमी करा.

एक राहिलं, हातमोजे घाला. मॉसमधली एक बुरशी हाताच्या जखमेतून आत जाऊ शकते, गाठी येतात. क्वचितच होतं म्हणा, पण बोट कापलेलं असेल तर उघड्या हातानं पिळू नका. मी डॉक्टर नाही, तसं काही वाटलं तर त्यांना दाखवा.

आत्ता त्या कांड्या बाहेर काढा, काळं टोक पांढरं लागेस्तोवर कापा, दोन तास सावलीत ठेवा आणि निस्त्या आरओच्या पाण्यात लावा, पाणी दर तीन दिवसांनी बदला. कांडीवरचा डोळा (कोंब फुटतो ती जागा) हिरवा असेल तर फुटतील. आणि लिंबाचे बुडबुडे आले का नाही ते इथं सांगा, नाही आले तर मग माझा अंदाज चुकलाय, दुसरं बघावं लागेल.