स्टेन्ड ग्लासला मराठीत काय म्हणावं?

इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चची माहिती मराठीत आणताना भाषांतराच्या यंत्राने ‘डागाळलेल्या काचेची युद्धस्मारक खिडकी’ असं दिलं, ते खटकतंय, नेमका शब्द सुचवा, असं तुम्ही विचारलंय. खटकलं ते योग्यच. ज्या काचेपुढे गावाने आपल्या मुलांसाठी प्रार्थना केल्या, तिला डागाळलेली कसं म्हणायचं?

इथे ‘स्टेन’ म्हणजे डाग नव्हे, रंग मुरवणं. चांदीचं संयुग काचेच्या मागच्या बाजूला लावून ती भट्टीत घालतात. चांदी काचेच्या अंगात शिरते आणि लिंबापासून गडद नारिंगीपर्यंत पिवळ्या छटा उमटतात. युरोपात ही युक्ती १४व्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. बाकीचे रंग बहुतेक काच वितळलेली असतानाच येतात, उदाहरणार्थ कोबाल्टने निळा. चेहरे, कपड्यांच्या चुण्या तेवढ्या गडद रंगाने रेखून भाजतात. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाख देऊन जोडतात. म्हणून ‘रंगवलेली काच’ हेही अपुरं. रंग वरून फासलेला नसतो, लोणच्यात मीठ मुरावं तसा आत असतो.

आता ‘खिडकी’. खिडकीतून आपण बाहेर डोकावतो, हिच्यातून बाहेरचं काही दिसत नाही. आपल्याकडे ‘तावदान’ हा सुंदर शब्द आहे, आणि तो मागे पडत चालल्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मूळ फारसी ‘ताबदान’. ताब म्हणजे तेज आणि दान म्हणजे ठेवायची जागा, अत्तरदाणीतल्या दाणीसारखं. उजेड धरून ठेवणारी जागा! कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये हे डोळ्यांनी पाहता येतं. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८ साली प्रार्थनेसाठी खुलं झालं, त्यातली रंगीत काच न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांची. बाहेरून पाहाल तर नुसतं काळपट, शिशाच्या रेघांचं जाळं. आत गेलात की तीच काच पेटलेली असते. ‘चित्रतावदान’ म्हटलं की यातलं बरंचसं आपसूक येतं.

‘युद्धस्मारक’ शब्द रूढ आहे, पण त्याने स्मरण युद्धाचं होतं, माणसांचं नाही. पहिल्या महायुद्धात परदेशात पडलेल्यांचे देह मायदेशी आणायला ब्रिटिश सरकारने मनाई केली होती. घरच्यांना फुलं वाहायला कबर नव्हती, म्हणून गावोगावच्या चर्चमध्ये नावं कोरली गेली, तावदानं बसली. बऱ्याच ठिकाणी संत जॉर्ज किंवा चिलखतातला योद्धा दिसतो. केंब्रिजशायरमधल्या स्वॉफम प्रायर गावी मात्र खंदक, विमान, रणगाडा, पाणबुडी थेट काचेत उतरली आहेत, सोबत बायबलमधली वचनं. चर्चच्या काचेत रणगाडा पाहायची सवय नसते, त्यामुळे ते चित्र मनातून जात नाही.

‘वीरगळ’ चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. भावना अगदी जवळची आहे, देवळाच्या आवारात गावच्या वीराची आठवण. पण त्यातला ‘गळ’ म्हणजे कन्नड ‘कल्लु’, दगड. काचेला तो शब्द लावला तर अर्थच मोडेल. ‘हुतात्मा’ही इथे नको. तो शब्द उच्चारताच आपल्यापुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा उभा राहतो.

राहिलं मूळ इंग्रजीतलं ‘पॅरिश’, म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारी वस्ती. वसईच्या कॅथलिक समाजात यासाठी ‘धर्मग्राम’ म्हणतात, तो घ्या. पहिल्या उल्लेखात ‘स्टेन्ड ग्लास’ देवनागरीत द्यायलाही हरकत नाही, वाचकांना तो माहीत आहे. तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘धर्मग्रामाच्या चर्चमधलं, युद्धात पडलेल्या गावकऱ्यांच्या स्मरणार्थ बसवलेलं चित्रतावदान.’