आजोबांच्या झडत्या आणि वीस मिनिटांची फिल्म

प्रश्न : नमस्कार. आम्ही नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातले, गाव गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलं, आता पुनर्वसनात राहतो. माझे आजोबा धानाची शेती करायचे अन् पोळ्याच्या झडत्या (सवाल-जवाबात म्हणायच्या ओळी), दंडार या लोकनाट्याची गाणी लिहायचे. २००९ मध्ये गेले. तीन वह्या अन् एक कॅसेट आहे, छापील एक ओळ नाही. मोबाईलवर पंधरा-वीस मिनिटांची डॉक्युमेंटरी करायचीय, नाव ठेवलंय 'एक उपेक्षित कवी'. पण जुनं गावच नाही तर दाखवू काय? सुरुवात कुठून करू?

उत्तर : भाऊ, राग नका मानू, पण सुरुवात ते नाव खोडण्यापासून करा. पोळ्याला तोरणाखाली बैलं उभी आहेत, एका बाजूचा गडी झडती टाकतो, दुसऱ्या बाजूचा त्याला उत्तर देतो, अन् शेवटी सगळा गाव मिळून 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' म्हणून ओरडतो, आणि त्यातल्या ओळी तुमच्या आजोबांच्या. असा माणूस उपेक्षित कसा काय बावा? गावानं तर त्याला ऐकलं. ऐकलं नाही ते आम्ही, नागपुरात बसून मासिकं काढणाऱ्यांनी. तुमच्या फिल्ममध्ये म्हातारा बिचारा दिसला की समजा फिल्म गेली.

आता कामाचं. पहिले कॅसेट. घरातल्या जुन्या टेपमध्ये टाकून 'पाहू चालते का' असं बिलकुल करू नका, पट्टी अडकली की संपलं. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात, ते तोडून टाका म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. मग चांगला चालू डेक शोधा, हेड साफ करून घ्या, लाइन-आउटची वायर लॅपटॉपला लावून ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाईल बनवा, एमपीथ्री नको. अन् कॉपी दोन ठिकाणी ठेवा, दोन्ही एकाच घरात नकोत. मधे खोकला असेल, कोंबडा असेल, कोणी चहा घेता का विचारत असेल, ते साफ करायच्या मागे लागू नका. तुमच्याजवळ त्या बुडालेल्या गावाचा खरा आवाज तेवढाच उरलाय, हे लक्षात घ्या.

वह्यांचे फोटो दिवसा, सावलीत, फ्लॅश न मारता काढा. कोऱ्या पानांसकट. मागच्या पानावर उधारीचा हिशोब लिहिला असेल तर तोही पाहिजे, कधीकधी तोच जास्त बोलतो.

गाव नाही म्हणता. मला माहीत आहे तुमच्या डोक्यात काय आहे, धरणाच्या पाण्यावरून ड्रोन अन् मागे बासरी. नका करू, खूप झालं ते. त्यापेक्षा पुनर्वसनातल्या चार म्हाताऱ्यांना अंगणात बसवा, हातात काडी द्या, अन् म्हणा की जुनं गाव मातीवर काढून दाखवा. मारुतीचं देऊळ कुठं, तोरण कुठं बांधायचे, झडती टाकणारे कोणत्या बाजूनं उभे राहायचे. ते आपसात भांडतील, एक म्हणेल विहीर इकडं होती, दुसरा काडी हिसकावून घेईल, तुम्ही कॅमेरा चालू ठेवा अन् गप बसा. मधे 'आजोबांबद्दल दोन शब्द सांगा' असं विचारलं की माणूस लगेच श्रद्धांजलीच्या भाषेत जातो, मग काही हाती लागत नाही.

हीच गोष्ट झडत्यांची. एकच झडती दोघंजण वेगवेगळी म्हणतील, वहीत तिसरीच असेल. वही काढून त्यांना दुरुस्त करू नका. तिन्ही ठेवा. लोकांच्या तोंडी कविता कशी फिरत गेली ते यातूनच दिसते.

पोळा वर्षातून एकदाच, पिठोरी अमावस्येला, तेव्हा फिल्मची सगळी तारीख त्याच्याभोवती बसवा. गर्दीत मोबाईलचा माईक कामाचा नाही, कॉलरला लावायचा माईक घ्या अन् त्यावर वाऱ्याची फरवाली टोपी घाला. घरात ट्यूबलाइटखाली शूट करत असाल तर सेकंदाला २५ फ्रेम अन् शटर १/५० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर भिंतीवर पट्टे नाचत राहतात. बाकी लेन्स-बिन्सचा विचार सोडा.

अन् एक, आंभोरा तुमच्याच तालुक्यात आहे ना? मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' हा जुना मराठी काव्यग्रंथ तिथं वैनगंगेच्या काठी लिहिला असं आपल्याकडे परंपरेनं सांगतात, ग्रंथात शके १११० येतं. अंबाजोगाईवाले हे मान्य करत नाहीत ती गोष्ट वेगळी! फिल्ममध्ये टाकाच असं नाही, पण कुहीत कविता कुठून आली असं कोणी विचारलं तर एवढं माहीत असू द्या.

प्रश्न : (त्याच पत्रातून) वह्या मोठ्या काकांकडे आहेत, ते म्हणतात हक्क माझा, मी परवानगी देणार नाही. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. छापलंच नाही तर कॉपीराइट असतो का?

उत्तर : असतो. लिहिलं तेव्हापासूनच असतो, छापण्याचा किंवा नोंदणीचा संबंध नाही. साधारण नियम कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे तुमच्या बाबतीत २०६९ संपेपर्यंत. जिवंतपणी प्रसिद्ध न झालेल्या लिखाणाला ६० वर्षं मोजतात ती पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यापासून. पण गंमत पाहा, १९५७ च्या कायद्याचं कलम २४ म्हणते की लोकांसमोर सादर झालेलं लिखाण या मोजणीपुरतं प्रसिद्ध झालं असंच धरायचं. म्हणजे तोरणाखाली म्हटलेल्या झडत्या कायद्याच्या हिशोबानं कधीच्याच प्रसिद्ध झाल्यात, न म्हटलेल्या नाहीत. आम्हाला जे कळलं नाही ते कायद्याला कळलं.

काकांचं म्हणाल तर वही ज्याच्या कपाटात त्याचा हक्क, असं नसते. मृत्युपत्र नाही तर आजी अन् सगळी मुलं वारस, मुलीसुद्धा, म्हणजे तुमच्या आत्यांचंही नाव लागते, आणि त्यांना बहुतेक कोणी विचारलंच नसेल. परवानगी लेखी घ्या, सगळ्यांच्या सह्या, कोणत्या कविता, कशासाठी, किती वर्षं हे स्पष्ट लिहून. अन् काकांशी कलमं काढून भांडू नका, त्यांना कॅमेऱ्यासमोर वही वाचायला बसवा. माझा अनुभव आहे, अर्धी भांडणं तिथंच मिटतात. नाहीच मिटलं तर मग वकील.

प्रश्न : मी नागपूरच्या महाल भागात राहते, आईकडची भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करून राहिली आहे. पुण्याच्या लोकांना बोली समजणार नाही म्हणून सबटायटल प्रमाण मराठीत देऊ का?

उत्तर : ताई, आई जसं म्हणते तसंच लिहा. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, बोलीतच जपली, अन् १९५२ मध्ये, म्हणजे बहिणाबाई गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट तशीच छापली गेली. पुणे-मुंबईला समजलीच ना? एखादा शब्द फारच अडला तर स्क्रीनच्या कोपऱ्यात अर्थ टाका. इंग्रजी सबटायटल द्यायचे असतील तर ते सगळ्यात शेवटी, अन् आईला शेजारी बसवून करा, कारण अर्ध्या ओळींचा अर्थ तुम्हालाही चुकीचा माहीत असतो.